सामरीला घाबरायचं कारण नाही

सातारा
रविवार, दुपारी

प्रिय दिल्या,

वहिनींचा फोन आला होता. पाय प्लास्टरमध्ये, डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलंय, आणि तू पलंगावरून सगळं घर हलवतोयस असं कळलं. वर तुझा मेसेज : ‘काहीतरी बघायला सुचव, पण तुझी ती भुताटकी नको.’ लेका, मला दुसरं येतं काय? चाळीस वर्षं मी दुसरं काही मन लावून बघितलेलं नाही. तेव्हा फोनवर वाद घालण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतो. तुला पळताही येणार नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. भुताचे सिनेमे म्हणजे बाष्कळ, आणि त्यातले ते आंघोळीचे सीन म्हणजे निव्वळ घाण. यातलं अर्धं मला मान्य आहे. कुठलं अर्धं ते पुढे सांगतो. आधी तुझ्या पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात करू. वरच्या कप्प्यात ‘रणांगण’ आहे ना? त्या विश्राम बेडेकरांनी रामसेंसाठी, म्हणजे भुताच्या सिनेमांवाल्या त्या घराण्यासाठी, सिनेमे केले होते. खोटं वाटतंय? एफ. यू. रामसे म्हणजे मूळचे रामसिंघानी, कराचीतले रेडिओचे दुकानदार. गोऱ्या गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना म्हणून रामसे झाले. फाळणीनंतर मुंबईला आले आणि सिनेमाच्या धंद्यात पडले. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ त्यांचा, दिग्दर्शन बेडेकरांचं. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’सुद्धा बेडेकरांचाच. तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतो, त्या एवढ्याशा भागाला पब्लिक जागचं हलत नव्हतं. हे रामसेंच्या पोरांनी थिएटरात बसून बघितलं आणि बापाला सांगितलं, बाकीचा सिनेमा सोडा, हेच करू. पुढचे सगळे सामरीसारखे राक्षस, चेटकिणी आणि हवेल्या त्या एका निरीक्षणातून निघाल्या. साहित्यिकांनी बेडेकरांच्या चरित्रात हा धागा जरा दडवूनच ठेवलाय असं मला कायम वाटत आलंय.

सात भाऊ. कुमार लिहायचा, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, अर्जुन एडिटिंगला, केशू कॅमेरा आणि प्रॉडक्शनकडे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. ‘दो गज जमीन के नीचे’ साठी हे अख्खं खटलं महाबळेश्वरला जाऊन राहिलं. घरच्या बायका स्वयंपाकाला, भाऊ कामाला, स्टार कुणी नाही. १९७२ साली तो लागला आणि चालला. आपण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो तेव्हा मी त्या धुक्याकडे वेगळ्या नजरेने बघत असतो, आणि तू म्हणतोस, कुठे तंद्री लागली. आता कळलं?

त्यांचा हिशेब सरळ होता. राजेश खन्नाला द्यायला पैसे नाहीत, तर मग रबराच्या चेहऱ्यालाच स्टार करा. मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरांनी दार लावलं तर तालुक्याच्या गावात लावा, जत्रेत लावा. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. मी तो पुसेगावच्या यात्रेत तंबूत बघितला. सर्टिफिकेट ‘ए’ होतं आणि माझं वय बारा, पण दारावरच्या माणसाला तिकिटाशी मतलब. त्या तंबूत मी जे ऐकलं ते नंतर कुठल्याच मल्टिप्लेक्समध्ये ऐकलं नाही. सामरी येणार असला की आधी वारा, मग दार करकरतं, मग तो घशातून काढलेला जड श्वास. आणि शेकडो माणसं एकदम गप्प. मग किंकाळी, आणि किंकाळीच्या शेपटाला लगेच हशा. माझ्या पुढे बसलेल्या म्हातारीने पडद्याकडे बघून कडाकडा बोटं मोडली होती. शिव्याही दिल्या, त्या इथे लिहीत नाही, पत्र वहिनी वाचतील.

मोठेपणी तो सिनेमा पुन्हा बघितला तेव्हा लक्षात आलं की गोष्ट मुळातच भारी आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजा सामरीचं मुंडकं उडवतो. धड एकीकडे पुरतो, मुंडकं पेटीत घालून हवेलीत ठेवतो. मरताना सामरी शाप देतो की तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. बघ, दोघा पुरुषांचं भांडण, भोगायचं लेकीसुनांनी, तेही पिढ्यान् पिढ्या. म्हणून आजचा ठाकूर पोरीला प्रेम करू देत नाही. आपल्याकडच्या किती घरांत शापाबिपाची गरज न लागता हेच चालतं, तू मला सांगू नकोस. रामसेंना काही सामाजिक भाष्य करायचं नव्हतं, त्यांना तिकिटं विकायची होती. पण भीती विकायची म्हटली की लोकांच्या मनात आधीपासून काय आहे तिथे हात घालावाच लागतो, आणि तिथे हवेली असते, बंद खोली असते, बापाने लपवलेलं काहीतरी असतं. त्या वेळच्या कौटुंबिक सिनेमातला ठाकूर देवमाणूस असायचा. इथे त्याच्या घराण्याच्या पायाखाली प्रेत आहे. जगदीपचा विनोदी धागा मात्र रिमोटने पळव, त्याच्यासाठी मी भांडणार नाही.

आता तुझं बरोबर असलेलं अर्धं. त्याच सिनेमात नायिका शॉवरखाली उभी आहे आणि पाण्याऐवजी रक्त यायला लागतं. कल्पना झकास. पण रक्त यायच्या आधी कॅमेरा जिथे जिथे फिरतो तिथे भुताचं काही काम नाही. ती पोस्टरवर छापायची जागा आहे. यालाच एक्स्प्लॉयटेशन म्हणतात. आणि रामसे त्यातले सभ्य म्हणायचे. नंतर सकाळच्या शोला जे लागायचं त्यात तर सेन्सॉरने पास केलेल्या रिळांच्या मध्ये भलतेच तुकडे जोडलेले असायचे. नायक जंगलात शिरला की एकदम कुठलीतरी दुसरीच बाई, दुसराच पलंग, प्रिंटचा रंगही दुसरा. त्या बाईला आपण कुठल्या सिनेमात आहोत हे ठाऊकही नसेल. त्याची गंमत मला कधी वाटली नाही, आज तर नाहीच.

पण दिल्या, इथे मी तुला सोडणार नाही. कॉलेजात ‘बँडिट क्वीन’ बघून आल्यावर तू आम्हाला तासभर व्याख्यान दिलं होतंस. सिनेमा असा असावा, धाडस असं असावं. आठवतंय? आता एक गंमत ऐक, खरं तर गंमत नाहीये. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल. साडेसहा फुटांच्या आसपास उंच, रुरकीहून शिकलेला सिव्हिल इंजिनियर. ‘पुराना मंदिर’च्या श्रेयनामावलीत अजय अग्रवाल. हाच माणूस १९९४ साली ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर झाला. फूलनवर बलात्कार करणारा तो. चेहऱ्यावर रबर नाही, लाल डोळे नाहीत, धूर नाही. नुसता माणूस. सामरीला मी बाराव्या वर्षी घाबरलो आणि तंबूबाहेर येऊन भजी खाल्ली. बाबू गुज्जर बघून आल्यावर जेवण गेलं नाही.

तू म्हणशील, हाच तर कलेचा विजय. थांब. सामरीने ज्या बायका मारल्या त्या कुठे अस्तित्वात नव्हत्या. फूलनदेवी जिवंत होती. तो सिनेमा तिच्या आयुष्यावर होता, आणि तो दाखवू नये म्हणून ती स्वतः कोर्टात गेली. अरुंधती रॉयने तेव्हाच विचारलं होतं की जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या परवानगीशिवाय पडद्यावर पुन्हा घडवायचा हक्क कुणी दिला. तुझ्या व्याख्यानात हा प्रश्न नव्हता. माझ्याही डोक्यात नव्हता, मी तुझ्या शेजारी बसून मान डोलावत होतो. दिग्दर्शक शेखर कपूरचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, आणि सिनेमा म्हणून तो ताकदीचा आहेच. पण सकाळच्या शोचा तुकडा घाण आणि हा मात्र धाडस, ही वाटणी मला पटत नाही. १९८० चा ‘इन्साफ का तराजू’ घे. बी. आर. चोप्रांचं बॅनर, झीनत अमान, कोर्टात न्यायाची भाषणं. आणि त्या भाषणांच्या आधी बलात्काराच्या प्रसंगावर कॅमेरा किती वेळ रेंगाळतो ते बघ. ती गर्दी भाषणं ऐकायला आली नव्हती. घरंदाज बॅनर लावला की माल बदलत नाही, गिऱ्हाइकाची लाज तेवढी झाकली जाते. रामसेंनी निदान तो आव आणला नाही.

म्हणून मी एकच बघतो. बजेट नाही, रक्त किती लिटर ते नाही. कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे, मारणाऱ्याच्या की मार खाणाऱ्याच्या?

या मापाने अमेरिकेतला एक बदनाम सिनेमा भलताच चांगला निघतो. टोबी हूपरचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’, १९७४ चा. नावावरून वाटेल कत्तलखाना असेल, पण पडद्यावर रक्त फारच थोडं आहे. शेवटाकडे त्या पोरीला खुर्चीला बांधून जेवणाच्या टेबलाशी बसवतात. घरातले ते सगळे वेडे हसतायत, तिची नक्कल करतायत. आणि कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो. अक्षरशः बुबुळ, लाल शिरा, पापणीची थरथर. त्या क्षणी तुला मजा घेणाऱ्यांच्या बाजूला बसायला जागाच ठेवलेली नाही. तो प्रसंग टेक्सासच्या उन्हाळ्यात, खिडक्या झाकून, सडक्या मांसाच्या वासात सलग चोवीस तासांहून जास्त वेळ शूट केला होता. आणि माझ्या सिद्धांताला टाचणी लावणारी गोष्ट अशी की तिच्या बोटातून रक्त काढायची ट्रिक चालेना, तेव्हा समोरच्या नटाने तिचं बोट खरोखरच चिरलं. म्हणजे पडद्यावर कॅमेरा तिच्या बाजूने, सेटवर मात्र तिच्या बाजूने कोण होतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, तरी सिनेमा मला आवडतो.

एक मात्र मी कुणाला दाखवत नाही. १९८० चा इटालियन ‘कॅनिबल होलोकॉस्ट’. दिग्दर्शक देओदातोवर खुनाचा संशय आला होता, नट जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं. चाहते ही गोष्ट फुशारकीने सांगतात. पण नट जिवंत होते तरी कासव नव्हतं. ते कॅमेऱ्यासमोर खरोखर कापलंय, सावकाश. तिथे माझं रसिकत्व संपतं.

हल्ली आणखी एक जात निघालीय. शहरातली पोरं बिअर घेऊन बसतात आणि रामसेंचे सिनेमे टिंगल करायला लावतात. रबर दिसतंय, झिप दिसतेय, खी खी खी. मला राग येतो. तंबूतली म्हातारीसुद्धा हसत होती, पण ती आधी घाबरली होती. न घाबरता नुसतं हसायचं म्हणजे दुरून शहाणपण मिरवणं. ते निळे-हिरवे-लाल दिवे, तो धूर, दरवाज्याकडे झपकन जाणारा झूम, हे सगळं तुटपुंज्या पैशात उभं करणारे कारागीर होते. रामसे जिथे शूटिंग करायचे तो मुरूडचा नवाबाचा राजवाडा बाहेरून बघ एकदा, आणि कल्पना कर की या भिंतींना नुसत्या दिव्यांनी भीतीदायक करायचंय. जमेल?

तर आता तुझ्यासाठी. आज रात्री ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लाव, रोमेरोचा, १९६८ चा. फुकट मिळेल आणि कायदेशीर मिळेल. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नवीन पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली, म्हणून तो सगळ्या जगाचा झाला. त्यात एका घरात अडकलेली माणसं मढ्यांपेक्षा एकमेकांशीच जास्त भांडतात, तुझ्या घरच्या सध्याच्या वातावरणाला साजेसं. नायक काळा आहे, डुएन जोन्स. तो रात्रभर मढ्यांशी लढून जगतो आणि सकाळी त्याचं काय होतं ते मी सांगत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली होती, एवढं डोक्यात ठेवून शेवटची पाच मिनिटं बघ.

उद्या ‘पुराना मंदिर’, यूट्यूबवर आहे. दिवे घालव. नातू आला तर ‘झपाटलेला’ लावा, पण त्याला म्हणावं की बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा, नाहीतर तो तात्या विंचूच्या नावाने रात्री बिछान्यात येईल. ‘टेक्सास’ मी आल्यावर. तो एकट्याने बघायचा नाही, आणि वहिनी घरात असताना तर मुळीच नाही. पुढच्या रविवारी येतो. ‘बँडिट क्वीन’वर तुझं काय म्हणणं असेल ते तयार ठेव, पडल्यापडल्या विचार करायला भरपूर वेळ आहे तुला.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिऱ्या

ता. क. ‘वीराना’ राहिलाच. त्यात सतीश शहा भुताचे सिनेमे काढणारा डायरेक्टर झालाय आणि पात्राचं नाव ठेवलंय हिचकॉक, त्या जगप्रसिद्ध थरारपटवाल्या दिग्दर्शकाचं. रामसेंना विनोदबुद्धी नव्हती असं परत म्हणू नकोस.