एका यंत्राभोवती अनेक विद्याशाखा

महोदय,

विद्यापीठांतील आंतरविद्याशाखीय संशोधनाची चर्चा बहुधा अभ्यासक्रम आणि परिसंवाद यांपाशीच थांबते; प्रत्यक्षात निरनिराळ्या विभागांतील माणसे एकत्र येतात ती एखाद्या मोठ्या सामायिक उपकरणाभोवती, कारण ते एकट्या विभागाला परवडत नाही आणि एकट्याला चालवताही येत नाही. स्टॅनफर्ड येथील ‘स्पीअर’ हे साठवण वलय, म्हणजे इलेक्ट्रॉनांसारखे कण वर्तुळाकार मार्गात फिरवत ठेवणारे यंत्र, १९७२ मध्ये कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी सुरू झाले; वळणावर इलेक्ट्रॉनांतून बाहेर पडणारे क्ष-किरण म्हणजे त्या प्रयोगांच्या दृष्टीने निव्वळ ऊर्जेचा अपव्यय होता. त्याच किरणांवर पुढे रसायन, जीव आणि पदार्थविज्ञानातील संशोधकांनी आपले काम उभे केले. २००५ मध्ये तर, जुनी चर्मपत्रे प्रार्थनापुस्तकासाठी पुन्हा वापरताना खरवडून काढलेल्या, ग्रीक गणिती आर्किमिडीजच्या मजकुराच्या शाईतील लोह या किरणांनी उजळवले आणि प्राचीन ग्रीकचे अभ्यासक व भौतिकतज्ज्ञ एकाच पानावर काम करू लागले. (हा योग कोणत्याही समितीने जुळवून आणला नसता.)

मात्र केवळ यंत्र उभारून भागत नाही. बाहेरून आलेल्या संशोधकाचा प्रश्न समजून घेऊन त्याचे मोजमापात रूपांतर करणारे तेथील शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ हेच या व्यवहारातील खरे दुभाषे असतात. तरीही बढतीच्या वेळी सहसा मोजले जातात ते स्वतःच्या नावावरचे शोधनिबंध. विद्यापीठांनी यंत्रखरेदीइतकाच विचार या पदांच्या सेवाशर्तींचाही करावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक