वाचकपत्रांच्या टेबलावरच्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर हे सांगायचं मनात होतं. पण तुम्ही स्वतःच्या गुडघ्याबद्दल काही विचारू दिलं नाहीत, माझ्या लेकीच्या दहावीचीच चौकशी करत राहिलात आणि फोन ठेवलात. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांसमोर लिहितेय. वीस वर्षं तुम्ही आमच्या दैनिकात वाचकांची पत्रं वाचलीत, निवडलीत, लावलीत. त्या पानावर तुमचं नाव कधी आलं नाही. आज माझ्या पत्रावर तरी ते वर असू दे.

2004 साली मी तुमच्या टेबलावर आले. नव्या मुलांना आधी तिथे बसवायचे, कारण ते सोपं काम असा समज होता. रोजचं टपाल पिशवीतून यायचं. पन्नास पैशांची पोस्टकार्डं, आंतरदेशीय, वहीची पानं दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेली. डोंबिवलीहून पाण्याची तक्रार, विरारहून लोकलची, गिरगावातून मराठी शाळांची. या शहरात नेमाने पत्रं लिहिणाऱ्यांचा मराठी वृत्तपत्र लेखक संघसुद्धा आहे. त्यातल्या कित्येकांची अक्षरं तुम्ही पाकिटावरूनच ओळखायचात. मी मात्र लाल पेन घेऊन बसले होते. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत आणि शिसपेन्सिल दिलीत. म्हणालात, "पत्र त्यांचं आहे. आपण खोडलेलं त्यांना परत लिहिता आलं पाहिजे."

त्या पेन्सिलीने तुम्ही काय काय वाचवलंत ते मी जवळून पाहिलंय.

2008 चा फेब्रुवारी आठवतो. परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, टॅक्सी फुटत होत्या, आणि टपालाची पिशवीही तापूनच यायची. दादरच्या एका आजोबांचं पत्र होतं. आजारी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, तीन टॅक्सीवाल्यांनी भाडं नाकारलं. पहिलं पान वाचताना माझा घसा दाटून आला. दुसऱ्या पानावर मात्र त्या तिघांच्या गावाचा, बोलीचा, सगळ्या जमातीचा उद्धार होता. मी पत्र बाजूला टाकलं, छापण्यासारखं नाही म्हणून. तुम्ही उचललंत. "भाडं नाकारलं ही तक्रार आहे. नाकारणारा कुठल्या गावचा, ही तक्रार नाही. पहिलं पान का मारतेस?" मग त्यांना फोन लावलात. दुसरं पान का काढतोय ते पंधरा मिनिटं समजावलंत. आजोबा आधी तडकले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, "आता वहिनी कशा आहेत?" त्यानंतर फोनवर बराच वेळ आजोबाच बोलत होते.

पत्र छापून आलं. खाली तुम्ही दोन ओळी जोडल्या होत्या, की भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण लिहून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते. एखाद्याच्या रागातून एवढी कामाची गोष्ट काढता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पत्र तुम्हीच लिहिलंत ना?" हा तुमचा फोनवरचा पहिला प्रश्न. मला सुरुवातीला तो अपमान वाटायचा. मग एका सोसायटीतल्या भांडणात शेजाऱ्याच्याच नावाने लिहिलेलं पत्र सापडलं आणि प्रश्नाची किंमत कळली. सेक्रेटरीने पैसे खाल्ले असं कुणी लिहिलं की तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला: "हिशेब तुम्ही स्वतः पाहिलात का?" मानहानीच्या कलमातला पहिला अपवाद तुम्ही मला पाठच करून घेतला होता. नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या हितासाठी सांगणं गरजेचं असलं पाहिजे. तेव्हा ते दंड विधानाचं 499 होतं, 2024 च्या जुलैपासून न्याय संहितेत 356 झालं. अपवाद तोच आहे आणि मीही तो अजून तुमच्याच शब्दांत सांगते.

26 जुलै 2005 च्या पावसाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो आठवडा आपण दोघेही विसरणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर. दोन दिवसांनी फॅक्सवर कागद आला: धरण फुटलंय, लोकांना सावध करा. मी तो घेऊन बातमीच्या टेबलाकडे धावत निघाले होते. तुम्ही "थांब" म्हणालात आणि महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला फोन लावत बसलात. लागेपर्यंत लावलात. धरण फुटलं नव्हतं. त्याच अफवेने त्या रात्री शहरात चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. तो कागद आपल्याकडून पुढे गेला नाही. त्या आठवड्यात आपल्या पानावर काय होतं, तर अनोळखी घरात रात्र काढलेल्यांची पत्रं. कुणी चहा दिला, कुणी खिचडी, कुणी कोरडी साडी. तुम्ही ती सगळी लावलीत, आठवडाभर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मला वाटायचं, निनावी पत्र म्हणजे केराची टोपली. तेव्हा तुम्ही मला 1848 सालात नेलंत. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये, इथे मुंबईतच, 'लोकहितवादी' अशी सही असलेली पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. पुढे अशी 108 पत्रं झाली. "टोपणनाव पानावर चालतं," तुम्ही म्हणालात, "आपल्या रजिस्टरात चालत नाही." म्हणून नाव झाकलेल्या प्रत्येक पत्राचं खरं नाव तुमच्या ड्रॉवरमधल्या हिरव्या वहीत असायचं आणि ड्रॉवरची किल्ली शर्टाच्या खिशात.

मग त्या ताईंचं पत्र आलं. चाळीत राहणाऱ्या. सासरी काय चाललंय ते त्यांनी दीड पानात लिहिलं होतं, एकही शिवी नाही, एकही आरोप उगाच नाही. खाली विनंती, नाव छापू नये. मी पत्र लावलं. खाली 'पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही' ही ओळ टाकली आणि मी माझं काम चोख केलं असं समजून शेवटची लोकल पकडायला निघाले.

रात्री प्रूफ तुमच्या हाती गेलं. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी ओघात लिहून टाकलं होतं, चाळीखाली कशाचं दुकान आहे आणि जिन्यापासून त्यांची खोली कितवी. मी ते जसंच्या तसं ठेवलं होतं. तुम्ही पान लावणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ते वाक्य काढलंत, तेवढी जागा भरायला मथळा एका ओळीने वाढवलात आणि पान सोडलंत. सकाळी माझ्या टेबलावर ते प्रूफ होतं, त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात तुमचं बारीक अक्षर: 'नाव झाकलंस आणि जिना दाखवलास.'

संपादकांना तुम्ही बोलला नाहीत. कुणालाच बोलला नाहीत. मी रडत आले तेव्हा एवढंच म्हणालात, "आता त्यांना फोन कर. घरच्या नंबरावर नको, त्यांनी मैत्रिणीचा दिलाय, त्यावर." मी केला. त्या बऱ्या होत्या. घरात त्या दिवशीचा पेपर सगळ्यांनी वाचला होता आणि कुणालाच काही उमगलं नव्हतं.

अण्णा, ते वाक्य छापून गेलं असतं तर त्या खोलीत काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. त्या ताईंना तुम्ही वाचवलंत हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून त्यांच्या आणि माझ्या, दोघींच्या वतीने, मनापासून आभार.

आता माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. पत्रं मोबाइलवर येतात, दोन ओळींची, मध्यरात्रीची, चिडलेली. पेन्सिल चालत नाही, पण फोन चालतो. दोघी फोन करतात. नाव झाकलेलं प्रत्येक पत्र त्या एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवतात आणि ऐकणारीने बोट ठेवायचं, जिना कुठे दिसतोय ते. हा नेम मी घालून दिलाय, पण आहे तुमचाच.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या ताईंचं पुढे दुसरं पत्र आलं होतं, तुम्ही निवृत्त झाल्यानंतर. चाळीतल्या नळाच्या वेळांबद्दल, सहा ओळींचं. खाली पूर्ण नाव, आणि त्यापुढे कंसात लिहिलेलं: नाव छापावे. आम्ही छापलं. ते कात्रण तुम्हाला वेगळ्या पाकिटातून पाठवतेय, इथे देत नाही.

गुडघ्याला जपा. कळावे.

आपली,
टेबलावरची धाकटी