थर्मासवाल्याला तू फोन कर

सातारा,
९ ऑगस्ट

प्रिय नंद्या,

दिवाळीनंतर मी ओळ लिहिली नाही, तूही नाही, तेव्हा रुसायचा हक्क कुणालाच नाही. तब्येत ठीक. शुगर काबूत आहे, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. संपलं.

फोन केला असता, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. आणि यात आकडे आहेत. घरी हे कुणाला सांगणार? हिला सांगायला गेलो तर म्हणाली, "दगडातलं पाणी? आधी गच्चीतलं बघा, गळतंय."

तर विषय आपल्या थर्मासवाल्याचा. नाव लिहीत नाही. त्याच्याकडे एक मुलगी पीएच.डी. करते, कोरेगावकडची, हुशार आणि अबोल. विषय लॉमोंटाइट, म्हणजे आपल्या जाळीत पाणी धरून ठेवणाऱ्या झिओलाइट कुळातलं एक खनिज. नमुना मालाड-कांदिवलीकडच्या जुन्या खाणीतला, कुणाच्या तरी संग्रहातून मिळालेला. नमुना तापवताना उष्णता किती लागते ते मोजणारं डीएससी मशीन आमच्या खोलीत आहे, त्यामुळे तिची वही रोज माझ्या डोळ्यांसमोर असते.

लॉमोंटाइट तुला आठवतोच. ट्रेमध्ये ठेवलेला स्फटिक सुट्टीनंतर बघायला जावं तर पांढरा भुगा झालेला, आणि आपण शिपायावर आळ घेतलेला. पूर्ण ओला असताना सूत्रामागे साडेचार रेणू पाणी. हवा कोरडी झाली की त्यातला एक रेणू साध्या खोलीच्या तापमानालाच निघून जातो, साडेतीन उरतात. त्या अवस्थेला जुन्या पुस्तकांत लिओनहार्डाइट असं वेगळं नाव आहे. एक रेणू म्हणजे वजनाच्या पावणेचार टक्के. पॅनमध्ये दहा मिलिग्रॅम घेतलेस तर जवळजवळ ०.४ मिलिग्रॅम. आता उष्णतेचे ग्रॅममागे ज्यूल काढायचे, त्याचे मोलामागे करायचे, आणि मोल म्हणजे ओल्याचे ४७९ ग्रॅम की एक रेणू गेल्यावरचे ४६१ हेच नक्की नाही!

पोरीने काय केलं बघ. रीडिंगच्या रकान्यांशेजारी तिने आणखी एक रकाना आखला आणि त्याला "पाऊस" असं नाव दिलं. जुलैतल्या धो धो दिवसांच्या ओळींवर टिंब. नायट्रोजन सुरू केल्यापासून तापवायला सुरुवात करेपर्यंत किती मिनिटं गेली, तेही लिहिलंय; कारण कोरडा नायट्रोजन वाहायला लागला की हा दगड न तापवताच पाणी सोडायला लागतो. मधे चहाला गेलं की आलेख बदलला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टिंबाच्या दिवशी शंभर अंशांच्या आतच आलेखावर एक लहान पीक, म्हणजे टेकाड, येतं, मार्चच्या रीडिंगांत ते नाही. आणि या टिंबवाल्या सगळ्या ओळींवर लाल पेनने काट मारून गाइडसाहेबांनी समासात लिहिलंय: "नॉइज. वगळणे."

त्याचं म्हणणं असं की ते पीक पृष्ठभागावरच्या दमटपणाचं आहे. अगदीच खुळचट म्हणणं नाही, हे मी मान्य करतो. पण नुसता दमटपणा असता तर कधी कमी कधी जास्त आला असता. हिच्या टीजीत, म्हणजे तापवताना वजन किती घटतं त्या मोजणीत, ती पायरी दर वेळी पावणेचार टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. इतकी शिस्त दमटपणाला कुठून आली? आणि कहर म्हणजे त्याने उपाय सांगितलाय, नमुना सिलिका जेलवर ठेवा. म्हणजे तो रेणू कायमचा हाकलायचा आणि वर लेबल लॉमोंटाइटचंच ठेवायचं. खरं तर डेसिकेटरमध्ये, म्हणजे त्या हवाबंद भांड्यात, मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की काम झालं. २५ अंशांना हवा ७५ टक्के आर्द्रतेवर राहते आणि नमुना ओला राहतो. खर्च मिठाच्या एका पुडीचा.

तू म्हणशील, एवढ्याने काय बिघडतं? तुझं हे वाक्य मी एम.एस्सी.पासून ऐकतोय. एका खनिजाचं दुसरं होण्याच्या एखाद्या क्रियेत एन्ट्रॉपीचा फरक अंशामागे ५० ज्यूल असेल, तर उष्णतेत एका किलोज्यूलची चूक त्या दोघांमधली तापमानाची सीमारेषा २० अंशांनी सरकवते. कायनाइट, अँडलुसाइट आणि सिलिमनाइट या तीन खनिजांचं भांडण आठव. तिघांचं सूत्र एकच, ऊर्जेतला फरक नगण्य. १९६९ साली रिचर्डसन वगैरेंनी त्रिबिंदू, म्हणजे तिघंही एकत्र टिकतात तो बिंदू, ६२२ अंशांवर मांडला, १९७१ साली होल्डवेने ५०१ वर, आणि पुढे कितीतरी वर्षं लोक रूपांतरित खडकांचं तापमान आपापल्या पंथानुसार सांगत राहिले. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात कुठे हुलँडाइट-स्टिलबाइट, कुठे लॉमोंटाइट, असे झिओलाइटांचे जे पट्टे आहेत त्यावरून गाडलेल्या लाव्ह्याचं तापमान ताडतात. तिथे २० अंश म्हणजे थोडे नव्हेत.

१९९६ चा किसेलेवा आणि नावरोत्स्की वगैरेंचा पेपर मी तिला वाचायला दिला. वितळलेल्या लेड बोरेटमध्ये सुमारे ७०० अंशांना नमुना टाकून त्यांनी या कुळातल्या कॅल्शियम झिओलाइटांची उष्णता मोजली, आणि लॉमोंटाइट व लिओनहार्डाइट वेगवेगळे धरले. पोरीने वाचून विचारलं, "सर, मग माझ्या पावसाळी ओळी चूक कशा?" मी म्हटलं, गाइडना विचार. दुसरं काय म्हणणार? मी तिचा कोणीच नाही. सबमिशन महिनाअखेरीस, सही त्याची, आणि एका ज्युनिअर कॉलेजची मुलाखत तिच्यासमोर. मी मधे पडलो तर तो माझ्यावर नाही, तिच्यावर राग काढेल. तुला त्याचा स्वभाव माहीत आहे, मला जास्त माहीत आहे.

मला राहून राहून ते प्रॅक्टिकल आठवतं. आम्लात अल्कली ओतून उदासिनीकरणाची उष्णता काढायची होती. सगळ्यांची उष्णता थर्मासने खाल्ली, सगळे बारा-साडेबारावर अडकले, आणि आत्ताच्या या गाइडसाहेबांचं उत्तर पुस्तकातलं १३.७ किलोकॅलरी, दशांशासकट! मी म्हटलं, याचा थर्मास स्वर्गातून आलाय. तू त्याची बाजू घेतलीस. पोवई नाक्यापर्यंत आपण भांडत गेलो आणि चहाचे पैसे वेगवेगळे दिले. तुझं तेव्हाचं म्हणणं होतं की त्याने कूलिंग करेक्शन, म्हणजे निसटलेल्या उष्णतेची भरपाई, नीट लावलं असेल. मला ते आजही पटत नाही, आणि तुझ्याशी त्यावर आजही भांडायची तयारी आहे. पण त्या दिवसापासून तो तुझं ऐकतो, ही गोष्ट आता कामाला येऊ दे.

फोन तू कर. माझं नाव काढू नकोस, मुलीचं तर मुळीच नाही. सहज म्हणून सिलिका जेलवरून सुरुवात कर. मग म्हण की बाहेरच्या परीक्षकाने "पाण्याचे रेणू किती धरले?" असं विचारलं तर तोंडी परीक्षेत गाइडचीच फजिती होईल. फजितीला तो भितो, तत्त्वाला नाही. दोन तक्ते द्या म्हणावं, ओल्या नमुन्याचा एक आणि कोरड्याचा एक. नवीन मोजमाप काही नको, सगळं तिच्या वहीत आहे. ते लाल पेन तेवढं खोडायचं.

बाकी तुझं कसं? नागपूरची बदली रद्द झाल्याचं बाळ्याकडून कळलं, बरं झालं. चिनूला कुठे प्रवेश मिळाला? वहिनींच्या शाळेचं काय झालं ते कळव. कंदी पेढे कुरिअरने पाठवत नाही, गेल्या वेळचे तुझ्या शेजाऱ्यांनीच संपवले.

रविवारी तो सकाळी घरी असतो, अकराच्या आत कर. नंतर तो झोपतो आणि उठल्यावर कुणाचंच ऐकत नाही.

तुझा,
अप्पा