घाटाखालच्या तीन पॉवरहाऊसबाबत सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : खोपोली, भिवपुरी व भिरा येथील जुन्या जलविद्युत केंद्रांना औद्योगिक वारसा म्हणून संरक्षण देणे.

महोदय,

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली. २०२५ मध्ये त्या घटनेची शताब्दी झाली, तेव्हा कौतुक साहजिकच गाडीच्या वाट्याला आले. त्या गाडीला वीज पुरवणाऱ्या घाटाखालच्या टाटांच्या केंद्रांकडे शासनाचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी सह्याद्रीतल्या पावसाची वीज मिळावी, ही जमशेटजी टाटांची इच्छा त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९१५ मध्ये, खोपोलीच्या केंद्राने पुरी केली. आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर चालणारे भिवपुरी १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिरा १९२७ मध्ये सुरू झाले. तिन्हीकडे रीत एकच : पूर्वेला वाहून जाणारे पाणी घाटमाथ्यावर अडवायचे, बोगद्या-कालव्यांतून कड्यापर्यंत आणायचे आणि पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचे. एवढ्या उंचीवरून उतरलेले पाणी तोटीतून बाहेर पडते ते वीज तयार करणारे जनित्र फिरवणाऱ्या चाकाच्या परिघावर बसवलेल्या जोडवाट्यांवर. दोन वाट्यांमधली धारदार कड प्रवाह मधोमध दुभागते आणि जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन पाणी निमूटपणे खाली पडते. तेच पुढे पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांना मिळते. (हे पाणी पश्चिमेला वळवावे की नाही, हा वाद मोठा आहे, तो या पत्राचा विषय नाही.)

ही वीज उच्च दाबाच्या तारांवरून मुंबईत येई आणि रेल्वेच्या उपकेंद्रांत तिचे दीड हजार व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहात रूपांतर होई. ही डीसी यंत्रणा हार्बर मार्गावरून २०१६ मध्ये गेली. रेल्वेने स्वतःसाठी ठाकुर्लीला चोळा येथे उभारलेले औष्णिक केंद्रही केव्हाच बंद पडले, आणि बंद पडलेल्या केंद्राची कशी पडझड होते हे त्या बाजूने जाणाऱ्या प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. घाटाखालची केंद्रे मात्र अजून चालू आहेत, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे : चालू कारखान्यात जुने यंत्र बदलले की ते भंगारात जाते, त्यात कोणाचा दोषही नसतो, कारण ते जपण्याची जबाबदारी कोणावर टाकलेलीच नसते.

म्हणून विनंती अशी की, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने कंपनीच्या सहकार्याने या तिन्ही ठिकाणची जुनी चाके, जनित्रे, नियंत्रण फलक, नकाशे आणि इमारती यांची नोंद करावी, आणि वीजनिर्मितीत अडथळा न आणता त्यांतले काय जागेवरच जपायचे हे ठरवावे. भिऱ्याची शताब्दी २०२७ मध्ये येते. निदान तेथील काम तोवर व्हावे.

भिऱ्याबाबत आणखी एक गोष्ट आग्रहाने मांडतो. त्या केंद्राला पाणी देणाऱ्या धरणाखाली मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची गावे आणि आंबेमोहर पिकवणारी भातखाचरे गेली. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेला मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. उद्या तेथे शासनाचा फलक लागला आणि त्यावर फक्त अश्वशक्तीचे आकडे व गव्हर्नरांची नावे असली, तर तो वारसा अर्धाच ठरेल. बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव त्या फलकावर असावे, आणि भूसंपादनाची व सत्याग्रहाची जी कागदपत्रे शासनाच्या पुराभिलेखागारात असतील, त्यांच्या प्रती मुळशी तालुक्यातच लोकांना पाहता याव्यात. धरणग्रस्तांच्या आजच्या मागण्या महसूल खात्याच्या कक्षेत येतात, पण ही नावे कोरून घेणे आपल्याच खात्याच्या हातात आहे.

या कामी आपल्या खात्याने कोणता अधिकारी नेमला, हे कळवावे, म्हणजे पुढील पत्रव्यवहार त्यांच्याशी करता येईल.

आपला,
कर्जत येथील एक लोकल प्रवासी