एकच खेळ की रोज नवा : उमेशास पत्र

परभणी,
२२ जून २०२५

प्रिय उमेश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. आठ महिने रोज रात्री यूट्यूबवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गोळीबाराचा मोबाइल खेळ लाइव्ह करूनही पाहणाऱ्यांचा आकडा चाळिशीच्या पुढे सरकत नाही, म्हणून आता एका खेळाचा नाद सोडून रोज नवा खेळ लावावा असे तुझ्या मनाने घेतले आहे. मी या वाटेवर एकदा चांगलाच तोंडघशी पडलेला असल्यामुळे उत्तर जरा लांबवतो.

रात्री साडेनऊला एखादा अनोळखी मुलगा यूट्यूबवर ‘रँक पुश’ (म्हणजे खेळात वरची श्रेणी गाठणे) असे टाकून शोधतो, तेव्हा तो तुला शोधत नसतो. तो खेळ शोधत असतो, आणि तू त्याला त्या खेळाच्या दारात भेटतोस. हे दार तू रोज बदललेस, तर सोमवारी माइनक्राफ्टसाठी आलेला मनुष्य मंगळवारी जीटीए पाहून परत फिरतो, आणि बुधवारी तर तो तुझ्या लाइव्हची फोनवर आलेली सूचना उघडतही नाही. सबस्क्राइबर हा शब्द आपल्याला फार फसवतो. हजार जणांनी बटण दाबले म्हणजे हजार जण आपले झाले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक त्या खेळाचे असतात. तुझे चाळीस जणही अजून बीजीएमआयचेच आहेत, हे मनाला लागले तरी मान्य कर.

आता माझी गोष्ट. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यांत पबजी मोबाइल होता. माझे चॅनल म्हणजे पबजी आणि पबजी म्हणजे माझे चॅनल अशी त्या वेळी स्थिती होती. दीडशेच्या आसपास माणसे रोज बसत; ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व्हर बंद झाले आणि मी घाईघाईने दुसरा खेळ लावला, तेव्हा अकरा जण उरले, त्यांतला एक माझा मावसभाऊ. त्याच टाळेबंदीत समय रैना या विनोदवीराने बुद्धिबळ लाइव्ह खेळायला घेऊन ज्यांना घोड्याची चालही धड ठाऊक नव्हती त्यांनाही तासन्तास बसवून ठेवले होते, ते पाहून मीही पट मांडला. पण लोक तेथे त्याचे बोलणे ऐकायला बसत होते. मी मात्र मान खाली घालून मुकाट्याने प्यादी ढकलत होतो. पबजीत गोळीबाराच्या आवाजाने माझे मौन झाकले जात असे, हे मला तेव्हा कळले.

जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतीय अवतार म्हणून बीजीएमआय आला आणि माझी माणसे हळूहळू परतली. या वेळी मात्र मी दर शनिवारची रात्र वेगळी ठेवली : कधी बुद्धिबळ, कधी माइनक्राफ्ट, कधी अमंग अस. पहिले दोन महिने शनिवारचा आकडा लाज वाटावी इतका कमी असे. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या तसल्याच खेळावर बंदी आली आणि त्याच वर्षी २८ जुलैला बीजीएमआयही गुगल आणि अ‍ॅपलच्या दुकानांतून नाहीसा झाला, तो मे २०२३ मध्येच परत दिसला. त्या दहा महिन्यांत माझ्याजवळ साठ-पासष्ट जण टिकून राहिले, आणि ते सगळे शनिवारचे होते. आपल्या बोलीत ‘काय करायलास बे’ म्हणून मी हाक मारली की चॅटमध्ये उत्तर देणारे ते लोक. समोर कोणता खेळ चालू आहे याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते.

म्हणजे वैविध्य वाईट असे माझे म्हणणे नाही. अमंग अस हा खेळ २०१८ मध्ये निघाला आणि दोन वर्षे कोणी विचारले नाही. २०२० मध्ये स्ट्रीमर, म्हणजे खेळ लाइव्ह दाखवणाऱ्या मंडळींनी तो उचलला तेव्हा जगभर पसरला, आणि अशी लाट पकडण्यासाठी हात मोकळे असावे लागतात. शिवाय एकच नकाशा, तीच लॉबी, पाहणाऱ्यांना घेऊन खासगी सामना लावण्यासाठी तोच ‘भैया, कस्टम लावा’चा धोशा, यांनी माणूस आतून सुकतो हेही खरे. पण रोज नवा खेळ म्हणजे खर्चही आला. बीजीएमआय तुझ्या फोनवर निभतो. जीटीए फाइव्हला शंभर जीबीच्या आसपास जागा, बरे ग्राफिक्स कार्ड आणि अंबाजोगाईत रात्रभर टिकणारी वीज लागेल. हप्त्यावर संगणक घेण्याचा विचार तूर्त तरी बाजूला ठेव, असे मी स्पष्टच सांगतो.

तुमच्या शेतात काका सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतात, ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहेस. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघून जाते आणि तूर पुढे दोन-तीन महिने उभी राहते. परंतु तिची पेरणी सोयाबीनबरोबरच करावी लागते, सोयाबीन हातचे गेल्यावर नाही. मला वाटते तुझी चूक एक खेळ धरण्यात झालेली नाही. तुरीची ओळ टाकायची तेवढी राहून गेली आहे.

तेव्हा सहा दिवस बीजीएमआयच चालू दे, आणि रविवारी फोनवरच चालणारा बुद्धिबळासारखा हलका खेळ घे. वेळ मात्र नेहमीची साडेनऊचीच ठेव. त्या रात्री जिंकण्याची फिकीर करू नकोस, बोल. हरताना तू जास्त चांगला बोलतोस, हे वसतिगृहातल्या कॅरमपासून मला ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत आकड्याकडे पाहू नकोस, फक्त दर रविवारी परत येणारी नावे वहीत लिहून ठेव.

पहिल्या रविवारी समोरच्या बाजूने मी खेळतो. काकांची पेरणी उरकली का, ते कळव. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत