तालमीचं दार पुन्हा उघडायचंय, हातभार लावा

शनिवार पेठेतल्या सर्व रहिवाशांना सस्नेह नमस्कार.

आपल्या तालमीचं दार गेली काही वर्षं दिवसातून एकदाच उघडतं, मारुतीपुढे दिवा लावायला. येत्या दसऱ्यापासून ते सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवायचं मंडळाने ठरवलं आहे.

इथे जोर-बैठका मारलेली मुलं आज हिंजवडीत आठ-नऊ तास खुर्चीत असतात, वर जाण्या-येण्याचे दोन तास बसूनच. बसलं की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू स्वस्थ पडतात, रक्तातली साखर फारशी उचलत नाहीत. लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली होती. रस्ते तेच, गाड्या त्याच. पण दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला.

मनाचंही सांगायला हवं. आपल्या आळीतले एक काका पत्नी गेल्यावर वर्षभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. डॉक्टरांची औषधं चालू होती, ती आजही आहेत. मंडळातल्या दोघांनी त्यांना रोज ओंकारेश्वरापर्यंत चालवत न्यायला सुरुवात केली. पहिले आठ दिवस अक्षरशः हाताला धरून. महिन्याभरात काका स्वतःच चपला घालून दारात वाट बघू लागले. आता रात्री झोप लागते, म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी आहेतच. पण गुडघे धरलेल्या आजींनी पर्वती कशी चढायची? रात्री आठला घरी पोचणाऱ्या मुलीने टेकडीवर एकटीने कसं जायचं? त्यांना जागा घराजवळच हवी, आणि सोबतही.

सगळ्यात मोठा खर्च पत्र्यांचा आहे, ते गळतात. मग धरून उभं राहायला भिंतीलगत कठडा, दिवे, वीस सतरंज्या, बायकांना कपडे बदलायला खोली. मल्लखांब मात्र ठणठणीत आहे.

कुणी फिजिओथेरपिस्ट असाल तर आठवड्यातला एक तास द्या. पैशांइतकीच त्याची गरज आहे.

देणगी रोज संध्याकाळी ६ ते ८ तालमीत स्वीकारू. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका; जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहू. माळ्यावर आजोबांची मुद्गलांची जोडी पडून असेल तर तीही आणा, तेलपाणी करून आम्ही वापरात आणू.

आपले,
तालीम मंडळाचे कार्यकर्ते