एआयच्या कायद्यात सकारण आदेशाचा हक्क हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय कारभारात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचे नाव २०२५ पासून घेतले जाते. जिल्ह्याचा रहिवासी म्हणून मला त्याचा आनंदच आहे. दोडामार्ग किंवा देवगडहून ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयाला, एक खेप मारायची म्हणजे माणसाचा सबंध दिवस मोडतो, आणि ती खेप वाचवणारे कोणतेही साधन स्वागतार्हच आहे. मात्र महसूल खात्यातून निवृत्त झालेला आणि आता देवगड तालुक्यात आंब्याची बाग सांभाळणारा माणूस या नात्याने मला एक प्रश्न सतत पडतो, आणि एआयच्या कायद्याविषयी सध्या जे लिहिले-बोलले जाते त्यात तो क्वचितच येतो. बनावट चित्रफिती आणि नोकऱ्यांवरचे संकट यांवर भरपूर चर्चा होते. पण यंत्राने काढलेल्या निष्कर्षावरून माझा अर्ज, माझा दावा किंवा माझा परवाना नाकारला गेला, तर त्याचे कारण मला कोण सांगणार आणि कोणत्या कायद्यान्वये सांगणार?

कायदा करायचा तर आधी व्याख्या लागते, आणि जगभरच्या कायदेकर्त्यांचा बराच वेळ तिथेच गेलेला दिसतो. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मिळालेल्या माहितीवरून अंदाज, मजकूर, शिफारस किंवा निर्णय कसा काढायचा याचे अनुमान जी यंत्राधारित प्रणाली कमीअधिक स्वायत्तपणे करते, ती या कायद्याच्या लेखी एआय प्रणाली होय. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०२३ मध्ये सुधारलेल्या व्याख्येशी ती मिळतीजुळती आहे. या व्याख्येचा गाभा ‘अनुमान’ हा आहे. म्हणूनच केवळ माणसांनी ठरवून दिलेले नियम जसेच्या तसे राबवणारी प्रणाली या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, असे त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे. चीनने सर्वसमावेशक व्याख्येच्या फंदात न पडता एकेका सेवेसाठी वेगळे नियम लागू केले: २०२२ मध्ये शिफारशी करणाऱ्या अल्गोरिदमसाठी, आणि २०२३ मध्ये आधी कृत्रिमरीत्या घडवलेल्या चित्र-आवाजासाठी व मग मजकूर तयार करणाऱ्या प्रणालींसाठी. अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू होणारा असा एक कायदा नाही. दक्षिण कोरियाचा मूलभूत कायदा २२ जानेवारी २०२६ पासून लागू झाला असून, लोकांच्या जीवनावर मोठा परिणाम करणाऱ्या प्रणालींचा वेगळा वर्ग त्यात केलेला आहे.

ही व्याख्या कोकणातल्या माणसाला कुठे नेऊन सोडते, हे आमच्या पीक विम्यावरून दिसते. आंब्याचा विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातील, म्हणजे काही गावांच्या गटातील, संदर्भ हवामान केंद्रावर नोंदलेले तापमान, पाऊस आणि वारा ठरलेल्या काळात ठरलेली मर्यादा ओलांडतात की नाही, यावर भरपाई ठरते. बागेत येऊन मोहोर कुणी पाहत नाही. आमच्याकडे एकाच मंडळात समुद्राकाठचा उघडा कातळ असतो आणि आतल्या अंगाची दरीही असते. दरीतल्या कलमांचा मोहोर करपतो आणि केंद्राच्या नोंदीत मात्र काहीच घडलेले नसते, ही तक्रार दर हंगामात कोणत्या ना कोणत्या गावातून ऐकू येते. दाव्याचा हा हिशेब पूर्णपणे यांत्रिक आहे, तरी युरोपच्या व्याख्येने तो एआय ठरणार नाही, कारण मर्यादा माणसांनी आखून दिली आहे आणि यंत्र फक्त ती ओलांडली गेली का, एवढेच तपासते.

आता त्याच शेतकऱ्याचा भाताचा मळा घ्या. केंद्र सरकारच्या पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहाच्या चित्रांवर आधारलेल्या ‘यस-टेक’ पद्धतीला किमान ३० टक्के भारांश देण्याचे धोरण आले. राज्यागणिक त्याचा तपशील वेगळा असला, तरी चित्रांवरून उत्पन्नाचे अनुमान काढणारी प्रणाली व्याख्येत सहज बसेल. म्हणजे एकाच खातेदाराला भाताच्या दाव्यासाठी एआयच्या कायद्याचे संरक्षण मिळेल आणि आंब्याच्या दाव्यासाठी मिळणार नाही. दोन्हीकडे त्याच्या हाती पडणारे उत्तर एकच असते: ‘सिस्टीमने घेतले नाही.’

युरोपच्या कायद्यातील अतिजोखमीच्या वापरांची यादी आपण उचलून जशीच्या तशी इथे आणली, तरी ही अडचण सुटत नाही. त्या यादीत नोकरभरती, शिक्षण, कर्जाची पत, सार्वजनिक लाभांची पात्रता, तसेच जीवन आणि आरोग्य विमा आहे. पीक विमा नाही. त्यांच्या समाजाच्या गरजेप्रमाणे त्यांनी यादी केली. आपल्याला आपली करावी लागेल.

साधे, ‘बुद्धिमान’ नसलेले यंत्र किती अनर्थ करू शकते, याचा मोठा दाखला ऑस्ट्रेलियात घडला. तेथील सरकारने २०१६ पासून कल्याणकारी अनुदाने घेणाऱ्या लोकांना वसुलीच्या नोटिसा स्वयंचलितपणे पाठवायला सुरुवात केली. वर्षाच्या उत्पन्नाला पंधरवड्यांनी भागून सरासरी काढायची, आणि त्या व्यक्तीने कळवलेले उत्पन्न त्याहून कमी असेल तर तिच्यावर थकबाकी दाखवायची, असा तो हिशेब होता. ज्यांना वर्षातले काही महिनेच काम मिळते अशा माणसांना हा भागाकार चुकीने थकबाकीदार ठरवत होता. यात अनुमान करणारी कोणतीही प्रणाली नव्हती, होता तो शाळकरी भागाकार. पुढे ही वसुली बेकायदेशीर ठरली, सरकारला पैसे परत करावे लागले, आणि २०२३ च्या जुलैमध्ये आलेल्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे उच्चाधिकार चौकशी आयोगाच्या, अहवालाने या योजनेवर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. कोकणात हंगामी उत्पन्नावर जगणाऱ्या घरांची संख्या पाहता हा दाखला आपल्याला दूरचा वाटू नये.

देशातलेच उदाहरण हवे असेल तर तेलंगणाचे आहे. तेथील ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून कुटुंबाची आर्थिक स्थिती ठरवते. यंत्राने पाडलेल्या निकालाच्या जोरावर रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावे लागले. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची मोटार एका गरीब कुटुंबाच्या नावावर धरली गेल्याचे प्रकरण पत्रकारांनी पुढे उजेडात आणले. नोंदी जुळवणाऱ्या प्रणालीपुढे आमचा सातबारा ठेवला तर काय होईल, याची कल्पना महसुलात काम केलेल्या कुणालाही येईल. एका वाडीत एकच आडनाव, आजोबांचेच नाव नातवाला, सामाईक खात्यावर मुंबईला गेलेल्या चुलत्यांची आणि वारस-नोंद न झालेल्या मयतांची नावे. यातून ‘हा तोच इसम’ हे ठरवताना अनुभवी तलाठीसुद्धा गावातल्या चार जाणत्या माणसांना विचारतो.

समुद्रावरची गोष्टही फार वेगळी नाही. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी किनाऱ्यावर ड्रोन आणले. पारंपरिक मच्छीमारांची ही जुनी मागणी होती, आणि परप्रांतीय ट्रॉलर व एलईडी दिव्यांच्या झोताने मासे ओढणाऱ्या नौकांमुळे ज्यांची जाळी रिकामी येतात त्यांच्या बाजूने पाहता हे पाऊल योग्यच आहे. ड्रोनने टिपलेले चित्रण अधिकारी स्वतः पाहून कारवाई करत असेल, तर तो नुसता कॅमेरा झाला. उद्या सॉफ्टवेअरच नौकेचा क्रमांक वाचणार असेल, ती निषिद्ध पट्ट्यात होती असे अनुमान काढणार असेल आणि नोटीसही तयार करणार असेल, तर प्रकरण बदलते. सागरी मासेमारी नियमनाच्या १९८१ च्या राज्य कायद्याखालील निवाडे २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी तहसीलदारांकडे असत, आणि नौकामालक किंवा तांडेल (नौका चालवणारा) समोर उभा राहून ‘साहेब, वाऱ्याने ओढून नेले, इंजिन बंद पडले होते’ असे सांगू शकत असे. ते खरे की खोटे हे अधिकारी ठरवी, पण ऐकून घेणे त्याला भाग होते. सुनावणीची ही पायरी नव्या व्यवस्थेतही शाबूत राहिली पाहिजे, आणि नौका नेमकी कोणत्या खुणेवरून, कोणत्या स्थाननिश्चितीवरून ओळखली हे नोटिशीतच लिहिलेले असले पाहिजे.

आपल्या देशात आज काय स्थिती आहे? एआयची व्याख्या करणारा स्वतंत्र कायदा नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआय कारभाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; तूर्त वेगळ्या कायद्याची गरज नाही, विद्यमान कायदे पुरेसे आहेत, अशी त्यांची भूमिका आहे. त्या तत्त्वांतील सात सूत्रांपैकी एक ‘समजेल अशी रचना’ हे आहे. सूत्र चांगले आहे, पण त्याचा भंग झाला म्हणून कुणाला अपील करता येत नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्र-आवाजावर तशी खूण असणे बंधनकारक झाले, तेही स्वागतार्हच आहे. मात्र माझ्या प्रश्नाला ते स्पर्श करत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८(३) नुसार, व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय तिच्या माहितीवरून घेतला जाणार असेल तर ती माहिती पूर्ण आणि अचूक असली पाहिजे. ही तरतूद लागू होण्याची मुदत मे २०२७ ची आहे, आणि तिच्यातही माहितीच्या अचूकतेचे बंधन आहे, निर्णयाचे कारण देण्याचे नाही. युरोपच्या कायद्यातील कलम ८६ अतिजोखमीच्या प्रणालींबाबत बाधित व्यक्तीला निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क देते, आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथवर निकालामागचे मुख्य निकष समजून घेण्याचा हक्क कोरियाच्या कायद्यातही आहे.

असे असले तरी आपली पाटी कोरी नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४(१)(घ) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपल्या प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे बाधित व्यक्तीला देण्यास बांधून घालते. त्यात निर्णय माणसाने घेतला की यंत्राच्या साह्याने, असा भेद नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ११ तर याहून मोलाचे आहे: एखाद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी आखून दिलेल्या प्रणालीने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख हा त्याचाच मानला जातो. मग नोटीस किंवा नकाराचा संदेश ‘वरून आपोआप गेला’ असे म्हणून कोणत्याही कार्यालयाला हात वर करता येऊ नयेत.

महसूल खात्यात आम्ही शिकलो ते एवढेच की कारणे न देता केलेला आदेश प्रांतांकडे अपिलात टिकत नाही. वादीचे म्हणणे काय, पुरावा कोणता, तो का मान्य किंवा अमान्य केला, हे आदेशात उतरावे लागते. त्या शिस्तीचा कंटाळा आम्हालाही येई, कारण एकेका प्रकरणाला त्यापायी वेळ लागतो. पण नकार मिळालेल्या माणसाला पुढच्या पायरीवर नेमके काय मांडायचे हे त्या कागदावरूनच कळत असे. आज सेवा केंद्राच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर जो संदेश येतो, त्यात बहुधा ‘अर्ज अपात्र’ याखेरीज काही नसते, आणि खिडकीच्या आतल्या मुलालाही त्याहून जास्त माहीत नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की, भारतात कायदा होईल तेव्हा त्याने यंत्र किती हुशार आहे यावर कक्षा ठरवू नये. माणसाच्या हक्कावर, उपजीविकेवर किंवा लाभावर परिणाम करणारा निर्णय स्वयंचलित प्रक्रियेतून आला असेल, मग ती प्रक्रिया अनुमान करणारी असो वा साधा भागाकार, तर कारण, सुनावणी आणि ज्याला निर्णय फिरवता येईल अशा माणसाकडे अपील, या गोष्टी त्याला मिळाल्याच पाहिजेत. अशा बंधनांनी नव्या उद्योगांचा गळा आवळला जाईल, अशी भीती काही जाणकार व्यक्त करतात. चित्रे काढणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या किंवा आंब्यावरची कीड ओळखून देणाऱ्या प्रणालीवर असे ओझे टाकावे असे मीही म्हणत नाही; बाग पाहून कोणती फवारणी करावी हे सांगणाऱ्या साधनाचा सल्ला न मानण्याची मुभा मला आहेच. नकाराला मात्र अशी मुभा नसते. आणि आमची प्रणाली हे व्यापारी गुपित आहे, असे म्हणणाऱ्या कंपनीला सार्वजनिक पैशाचे काम देताना निविदेतच अट घालता येते.

केंद्राचा कायदा येईपर्यंत सिंधुदुर्गाला थांबून राहण्याचे कारण नाही. जिल्हा प्रशासनाने कोणत्या खात्यात कोणती प्रणाली कशासाठी वापरली जाते, ती कोणाच्या माहितीवर चालते आणि तिच्या निष्कर्षाविरुद्ध दाद कोणत्या अधिकाऱ्याकडे मागायची, याची यादी मराठीत तयार करून प्रत्येक तहसील कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील स्वतःहून माहिती प्रकट करण्याच्या तरतुदींखाली हे आजच करता येईल. त्यासाठी नवा अधिनियम लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेसे आहे. आंबिया बहराच्या पुढच्या हंगामाचे विमा अर्ज सुरू होण्यापूर्वी ते निघावे, अशी मी या पत्राद्वारे विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त महसूल कर्मचारी व आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग